सात नंबरची नोंद

संचिता तारी शिकून परत आली तेव्हा तिची अशी समजूत होती, की पालवबंदरात कुणी कसली नोंदच ठेवत नसणार. होडी गेली, आली, नाही आली; देवाक काळजी. दूर टॅलिनच्या बर्फात, हीटरला पाय लावून, तिने बेत रचला होता. आपण जाऊ, धक्क्यावर एक यंत्र बसवू, प्रत्येक होडीला एक डबा देऊ, आणि त्या यंत्राची रोजनिशी सगळ्या गावाला उघडी करू. ती शिकली त्या देशात सरकारी कागदातलं तुमचं नाव कुणी पाहिलं, हेसुद्धा तुम्हाला पाहता येतं. तिला ते फार भावलं होतं. लपवायला जागाच उरली नाही तर माणूस खोटं कशाला बोलेल, असं ती म्हणायची. चोवीस वर्षांच्या माणसाने म्हणावं तशा आवाजात.

प्रत्यक्षात तिला तिथे एक खिडकी सापडली.

मच्छीमार सोसायटीची कचेरी धक्क्याच्या तोंडाशी आहे. दोन खोल्या, वर मंगलोरी कौलं, मागे बर्फाची खोली. पुढच्या खोलीची खिडकी थेट धक्क्यावर उघडायची. तिला ना गज ना काच, खाली फक्त एक सागवानी फळी, मधोमध खोलगट झिजलेली. आत काशीबाई मेथर बसायच्या. एकतीस वर्षं. समोर लांब वही, कानामागे पेन्सिल. होडी सुटली की नावापुढे आडवी रेघ. संध्याकाळी होडी लागली की तांडेल, म्हणजे होडी चालवणारा, मासळीला हात लावण्याआधी खिडकीशी यायचा, ओला तळवा फळीवर ठेवायचा आणि म्हणायचा, "काशीबाय, इलंय," म्हणजे आलो. काशीबाई आधी हात बघायच्या, मग तोंड, आणि मग त्या रेघेवर उभी काट मारायच्या. दुसऱ्याच्या वतीने 'इलंय' म्हणायचं नाही. सख्ख्या भावानेही नाही. साडेसहापर्यंत काट पडली नाही, तर काशीबाई उठून घंटा वाजवायच्या आणि बाकीच्या होड्या परत पाण्यात जायच्या.

"पण हात कशाला?" संचिताने पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"तुमच्या थंय सही करतत ना? ही आमची सही," काशीबाई म्हणाल्या. "आणि बाय, तू बसशीत तेव्हा कळात."

गावाला काही समजवावं लागलंच नाही. चौदा होड्या, चौदा डबे. प्रत्येक डब्यावर दोन बटणं, 'गेलंय' आणि 'इलंय'. कचेरीत जेवणाच्या डब्याएवढं एक यंत्र. ते स्वतःची रोजनिशी लिहायचं. किती वाजता जागा झालो, कुठला डबा बोलला, काय बोलला, कुठून बोलला. त्याला संचिता लॉग म्हणायची आणि महिन्याभरात सगळं बंदर लॉग म्हणायला लागलं. यंत्रातच एक वेब सर्व्हर होता. धक्क्याच्या वायफायवर फोनमध्ये पत्ता टाकला की लॉगच्या ओळी जशाच्या तशा डोळ्यांपुढे सरकायच्या, नवी ओळ खाली. रवळनाथ होडीचा तांडेल लवू, त्याची बायको मथुरा तव्यावर भाकरी टाकता टाकता फोनकडे बघायची. '७ रवळनाथ. इलंय. ठिकाण: होडी.' ती ओळ आली की ती पुढची भाकरी थापायची.

त्या लॉगमधली ओळ बदलता येत नसे. प्रत्येक ओळ मागच्या ओळीला जाळ्याच्या गाठीसारखी बांधलेली, मधली एक सोडवली की अख्खं जाळं सुटतं. पुसायचा तर सगळा. संचिताला ह्याचाच सगळ्यात जास्त अभिमान होता.

दोन बारीक सोयी मात्र तिने आपल्या डोक्याने केल्या. खाऱ्या हवेने यंत्राचे सांधे हिरवे पडायला लागले, म्हणून तिने खिडकीला जाड काच लावून चारी बाजू चिकटवून टाकल्या. आणि एखाद्या डब्याची बॅटरी उतरली तर अडायला नको, म्हणून कचेरीच्या स्क्रीनवर प्रत्येक होडीपुढे 'इलंय'चं एक बटण दिलं. ते दाबलं की ओळीत 'ठिकाण: कचेरी' असं उमटायचं.

"आणि हात?" काशीबाईंनी काचेकडे बघत विचारलं.

"आता डबा सांगतो ना, मावशी."

काशीबाईंनी पेन्सिल कानामागून काढली, आणि ठेवायला जागा सापडेना म्हणून परत कानामागेच खोवली.

तेवीस दिवसांपूर्वी, दिवाळीनंतरच्या आठवड्यात, दुपारी चारला समुद्रावर अचानक काळोख झाला आणि तासभर वाऱ्याने झोडपलं. तेरा होड्या पडत-झडत आल्या. संध्याकाळी सहा वाजून बारा मिनिटांनी लॉगमध्ये ओळ उमटली: '७ रवळनाथ. इलंय. ठिकाण: कचेरी.' चौदाच्या चौदा आल्या. घंटा वाजली नाही. मथुराने ओळ अर्धीच वाचली आणि भाकऱ्या केल्या. सात वाजता ती सोसायटीचे चेअरमन भाई खोबरेकर यांच्या दारात गेली, कारण लवू घरी आला नव्हता. भाईंनी तिला फोन दाखवला. "आलाय, लिहिलंय बघ. बसला असेल कुठे." ती परत गेली. शोध दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर सुरू झाला. तीन दिवसांनी विजयदुर्गाच्या बाजूला डिझेलचा एक रिकामा कॅन मिळाला. त्याच्या कानाला दोरी होती आणि दोरीत तीन माणसांच्या कमरेचे तीन फास होते, सावकाश, नीट मारलेले. लवू आणि त्याचे दोन खलाशी बरेच तास पाण्यावर होते. कुणीतरी येईल म्हणून.

वादळाच्या दुसऱ्याच दिवशी भाईंनी सांगितलं, लॉगचं पान बंद ठेव, लोक काहीबाही अर्थ काढतील. आणि उघडेपणावर तासभर बोलू शकणाऱ्या संचिताने ते बंद केलं होतं. हे तिने घरी कुणाला सांगितलं नव्हतं.

आज ती कचेरीत आली ती साध्याच कामाला. यंत्राची जुनी बॅटरी फुगली होती, नवी घालायची होती. विटेएवढी जड जुनी बॅटरी काढून तिने टेबलावर ठेवली, एवढ्यात भाई आले. चप्पल बाहेर काढून, जणू देवळात.

"उद्या दहाला जिल्ह्याहून साहेब येतायत चौकशीला," ते म्हणाले. भाई कामाचं बोलायला लागले की शहरी मराठीत शिरायचे. "लॉग मागतील."

"देऊ या की."

"वाचलायस ना? 'ठिकाण: कचेरी.' पहिला प्रश्न येईल, कचेरीत कोण होतं. काशीबाई. एकसष्टीची बाई, तिला उभी करणार तू? दुसरा प्रश्न, ते बटण कोणी दिलं. खिडकीला काच कोणी मारली."

संचिताने बॅटरी टेबलाच्या कडेवरून आत सरकवली. तेवीस दिवस ती हाच प्रश्न उशाला घेऊन झोपत होती.

"वीज कडाडली, यंत्र जळलं, नोंदी गेल्या. एवढंच सांगायचं. लवूने डबा चालूच केला नव्हता, असं मी सांगेन."

"लवूदादा विसरायचा नाही."

"मेलेलो माणूस रागावणा नाय गो," भाई एकदम मालवणीत घसरले. "तुका काय वाटता, माका झोप लागता? मथुरा माझ्या दारात हुबी होती. मी तिका फोन दाखवलंय. माझ्या ह्या हातान." त्यांनी चप्पल चढवली. "तुझं नाव ह्यात निघालं तर ह्या किनाऱ्यावर कोणी तुझा डबा घेणार नाही. आचऱ्यापासून देवगडपर्यंत. विचार कर. सकाळपर्यंत पूस."

ते गेले. साडेपाचला काशीबाई आल्या, नेहमीसारख्या. स्क्रीनशेजारच्या स्टुलावर बसल्या, मांडीवर जुनी वही. नव्या यंत्रानंतरही त्या वही आणायच्या. कुणी विचारलं की म्हणायच्या, सवय. तेरा होड्या एकेक करून लागल्या. सहाच्या आत सगळे तांडेल मासळी उतरवून लिलावाच्या शेडकडे गेले. धक्का मोकळा झाला. सूर्य पाण्यात बुडाला, आणि सुकत घातलेल्या जाळ्यांचा, डिझेलचा आणि कालच्या बांगड्यांचा वास काचेच्या फटीतून आत यायला लागला. फट नव्हतीच खरं तर. संचिताने स्वतः बुजवली होती.

तिने पुसण्याचा हुकूम स्क्रीनवर लिहिला. एक ओळ. फक्त बोट टेकवायचं राहिलं. लवूने त्या सकाळी डबा चालू करून 'गेलंय' दाबलं होतं. त्याच्या बाजूने बोलणारा जगात आता हा लॉग एकच होता, हे तिला ठाऊक होतं. तो गेला की लवू म्हणजे डबा चालू न करता समुद्रात गेलेला, स्वतःबरोबर दोघांना बुडवणारा बेफिकीर माणूस. मथुराला ह्यापुढे त्या माणसाची बायको म्हणून जगायचं होतं. पण आपलं नाव... आपले डबे...

एकदाच शेवटचं बघावं म्हणून तिने ब्राउझरमध्ये लॉग उघडला.

वेब सर्व्हर आणखीही एक गोष्ट लिहून ठेवायचा. कुणी येऊन लॉग वाचला, कुठली नोंद मागितली, तेही. टॅलिनहून आणलेली ही तिची लाडकी सवय. पान बंद झाल्यापासून तिथे काही असायला नको होतं. फोनना वाट नव्हतीच. डब्यांना आपलं घड्याळ जुळवून घेण्यापुरती तेवढी वाट उघडी होती.

तिथे बावीस ओळी होत्या.

'वाचक: डबा ७. मागितलं: एक नोंद. दिली.'

तिने वेळ बघितली. सहा वाजून बारा मिनिटं. आदल्या दिवशीची ओळ, तीच वेळ. त्याच्या आदल्या दिवशी तीच. बावीस दिवस, रोज एकदा, आणि प्रत्येक वेळी मागितलेली नोंद एकच: '७ रवळनाथ. इलंय. ठिकाण: कचेरी.' दाराला कुलूप आहे ना, हे जाता जाता ओढून बघावं, तसं.

संचिताने शिकलेलं सगळं आठवून पाहिलं. डब्याची बॅटरी तीन दिवस पुरते. पाण्याखालून डब्याचा आवाज हातभरही येत नाही, आणि तिथे अठरा वाव खोल पाणी. कुणी नक्कल करत असेल म्हणावं, तर डब्याची ओळख त्याच्या आत कोरलेली, ती तिच्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. एकेक कारण ती मनात उभं करत होती आणि ते आपणच खाली बसत होतं.

"मावशी," ती म्हणाली. "त्या दिवशी... ते बटण कोणी दाबलं?"

काशीबाईंनी वही मिटली.

"मी."

"का?"

"आयकलंय म्हणान." त्या काचेकडे बघत नव्हत्या. "लवूचो आवाज. हयसर, खिडकीत. 'काशीबाय, इलंय.' स्पष्ट. काचेभायर काळोख, वर पावसाचा पाणी, काय दिसणा नाय. मी म्हटलंय, हात खंय? मगे मीच म्हटलंय, आता हात कोण बघता. यंत्र आसा. आणि दाबलंय." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "एकतीस वर्सां मी हात बघितल्याशिवाय काट मारूक नाय. एक दिस. एकच दिस."

"हात का बघायचा, मावशी? आता तरी सांगा."

"आवाज दर्याक येता," काशीबाई म्हणाल्या. "जो जो तेच्या पोटात गेलो, तेचो आवाज तेका येता. हात येणा नाय."

स्क्रीनच्या कोपऱ्यात घड्याळ होतं. सहा अकरा. दोघींनीही ते बघितलं. मागच्या खोलीतलं बर्फाचं यंत्र घरघरत होतं ते थांबलं. एरवीही थांबतं ते, अधूनमधून. पण आता ते थांबल्यावर ऐकू आलं, की धक्क्यावर लाटाच फुटत नाहीयेत.

सहा बारा.

लॉगच्या तळाशी एक ओळ सरकून वर आली.

'वाचक: डबा ७. मागितलं: एक नोंद. दिली.'

आणि खिडकीच्या बाहेरून, अगदी जवळून, दमलेल्या माणसाने म्हणावं तसं कुणीतरी म्हणालं,

"काशीबाय... इलंय."

संचिताने लवूला चार महिने रोज ऐकलं होतं. तोच आवाज. शेवटचं अक्षर किंचित लांबवायची त्याची ढब, तीसुद्धा. ती उठणार तोच काशीबाईंनी तिचं मनगट धरलं.

"बोलू नको."

काचेवर काळोख होता. त्यात खोलीतला दिवा आणि त्या दोघी उलट्या दिसत होत्या. पलीकडे कुणी असलं तरी दिसायची सोय नव्हती. ती सोय संचितानेच मोडली होती.

"काशीबाय, इलंय गो... लिवलंस मां?"

"ऐकलंत? लिहिलंस ना, विचारतोय," संचिता कुजबुजली. "त्याला ती नोंद हवीय. इलंय लिहिलं की..."

"की कोण शोधूक जाणा नाय," काशीबाई म्हणाल्या.

बाहेर थोडा वेळ शांत होतं. मग आवाज परत आला, पण तो लवूचा नव्हता. जाड, घोगरा, लाडात आलेला.

"काशू... भिजलंय गो. उघड मां."

काशीबाईंचा हात मनगटावर एकदम आवळला. त्यांना काशू म्हणणारा माणूस जगात एकच होता, त्यांचा नवरा. एकतीस वर्षांपूर्वी तो सकाळी होडी घेऊन गेला तो आलाच नाही, आणि त्यानंतर सोसायटीने काशीबाईंना ह्या खिडकीत बसवलं होतं. त्यांच्या पहिल्या वहीतली पहिली रेघ, त्याच्या नावापुढची, अजून काटेविना होती. त्यांचे ओठ हलले. संचिताला वाटलं आता ह्या उठतात, आता ओ देतात. पण काशीबाईंनी डोळे मिटले, आणि मिटलेल्या डोळ्यांनीच, हळू, भांडी घासताना बोलावं तितक्या साध्या स्वरात म्हणाल्या, "एकतीस वर्सां थांबलंय. आणखी थांबतलंय. तू तो न्हय."

पुन्हा शांत. वास वाढला होता. मासळीचा नव्हे, पाण्यात फार दिवस राहिलेल्या लाकडाचा, वहाणेचा, माणसाच्या केसांचा. संचिताला वाटलं, संपलं. तिने श्वास सोडला.

आणि तेव्हा बाहेरून तिसरा आवाज आला. तरुण, चटपटीत, शाळेच्या मराठीतला.

"सगळं पुसते, मावशी. कोणाला काही कळणार नाही."

काशीबाईंनी डोळे उघडून संचिताच्या ओठांकडे बघितलं. ते मिटलेले होते.

तो तिचा आवाज होता. ते वाक्य तिने कधी म्हटलं नव्हतं. फक्त गेला अर्धा तास, स्क्रीनसमोर बसून, मनात घोळवलं होतं.

भीती तिला आधीपासून वाटतच होती. पण त्या क्षणी भीतीच्या खालून दुसरंच काहीतरी वर आलं, आणि तो राग होता. आपल्या तोंडचं न बोललेलं वाक्य कुणी आपल्याआधी बोलावं, आणि ते इतकं आपल्यासारखं वाटावं, ह्याचा राग. टॅलिनमध्ये भाषण ठोकणारी ती मुलगी आणि बाहेरचा तो आवाज, ह्यांच्यात फक्त एका बोटाचं अंतर राहिलं होतं.

तिने मनगट सोडवलं. टेबलावरची जुनी बॅटरी दोन्ही हातांनी उचलली आणि काचेवर मारली. पहिल्या घावाला तडा गेला. दुसऱ्या घावाला काच धक्क्यावर कोसळली, आणि समुद्राची हवा एखादं माणूस शिरावं तशी आत आली.

बाहेर धक्का होता. ओला, रिकामा. दूर लिलावाच्या शेडचा दिवा. खिडकीच्या अगदी समोर, हाताच्या अंतरावर, काळोख थोडा जास्त दाट होता, एवढंच.

"हात ठेव," संचिता म्हणाली.

काही नाही.

"फळीवर हात ठेव. मग लिहिते."

दाट काळोखातून तिच्याच आवाजात कुणीतरी सुरुवात केली, "संचि..."

"हात," आता काशीबाई तिच्या शेजारी उभ्या होत्या. कानामागची पेन्सिल त्यांच्या हातात होती. "तुजो आवाज खूप आयकलंय मी. हात दाखव."

कितीतरी वेळ काही झालं नाही. मग पहिली लाट धक्क्यावर फुटली. मग दुसरी. मागे बर्फाचं यंत्र घरघरायला लागलं. फळी कोरडी होती.

संचिता स्क्रीनपाशी गेली. पुसण्याचा हुकूम तिने अक्षर अक्षर मागे घेतला. मागची ओळ बदलता येत नव्हती, पण पुढची लिहिता येत होती. तिने लिहिली: 'रवळनाथ आलेली नाही. सहा बाराची नोंद खोटी आहे. हात कुणी पाहिला नव्हता, कारण खिडकी मी बंद केली होती. बटण मी दिलं होतं. संचिता तारी.' मग तिने लॉगचं पान सगळ्यांना उघडं केलं.

"माझांय लिव," काशीबाई म्हणाल्या. "बोट माझां व्हता."

तिने तेही लिहिलं.

साडेसहा झाले. काशीबाईंनी वहीतल्या सात नंबरच्या त्या दिवशीच्या रेघेकडे बघितलं, तिच्यावर काट नव्हती, आणि त्या बाहेर जाऊन घंटा वाजवायला लागल्या. तेवीस दिवस उशिरा. शेडमधली माणसं धावत आली. बायका आल्या. कुणी विचारलं, कोण रवलो? काशीबाई म्हणाल्या, "रवळनाथ. लवू. इल्लो नाय तो." आणि वाजवत राहिल्या. भाई आले, त्यांनी फुटलेली काच बघितली, फोन काढला, उघडं पान बघितलं आणि धक्क्याच्या कठड्यावर बसून राहिले. मथुरा सगळ्यांत शेवटी आली. तिने फोन हातात धरून दोन्ही ओळी वाचल्या, ह्यावेळी शेवटच्या शब्दापर्यंत.

"ह्यां आधी कित्याक नाय दाखवलंस?" तिने संचिताला विचारलं.

मथुराने थोडी वाट बघितली, आणि मग काशीबाईंच्या हातातली दोरी घेऊन घंटा ती वाजवायला लागली.

सकाळी साडेसहाला संचिता काचा झाडायला आली. साहेब दहाला येणार होते. झाडून झाल्यावर तिने, लॉग नीट चालतोय ना, एवढंच बघायला पान उघडलं. रात्रीत निम्म्या गावाने वाचला होता. फोनमागून फोन, ओळीमागून ओळ. त्यांच्यात, सहा एकतीसला, घंटा वाजत असताना, एक ओळ होती. 'वाचक: डबा ७.' त्याने ह्यावेळी नवी नोंद मागितली होती, 'रवळनाथ आलेली नाही' ती. त्यानंतर सात नंबर कुठेच नव्हता.

तिने डोळे पुसले आणि खाली आली. अगदी तळाशी, पहाटे पाच अठ्ठेचाळीसची ओळ होती.

'वाचक: डबा १५. मागितलं: एक नोंद. आज, सायंकाळी ६.१२. अशी नोंद नाही.'

डबे चौदाच होते. पंधरावा तिने कधी बनवला नव्हता, आणि आजची संध्याकाळ अजून व्हायची होती.

ती ओळ तिने तीनदा वाचली. बाहेर धक्क्यावर इंजिनं तापत होती. मंगेश, समोरच्या होडीचा तांडेल, फुटक्या खिडकीतून आत डोकावला. "काय गो बाय, खिडकी मोकळी केलंस ती बरां केलंस. वारो इलो."

संचिताने स्क्रीन फिरवून त्याला ती ओळ दाखवली. काही लपवलं नाही, काही समजावलं नाही. त्याने ओठ हलवत वाचली आणि टोपी मागे सारली.

"म्हणजे काय? आज जाव नको?"

"जायचं की नाही ते तू ठरव. ओळ सगळ्यांना दाखवणार आहे, साहेबांनापण. पण गेलास तर संध्याकाळी डब्याचं बटण दाबून घरी जाऊ नकोस. इथे ये. हात ठेव."

"आणि नाय ठेवलो तर?"

"तर घंटा."

मंगेश थोडा हसला, थोडा नाही. फळीच्या खोलगट भागावर त्याने उगाच एकदा तळवा घासून बघितला आणि होडीकडे गेला.

संचिताने स्क्रीनवरची ती चौदा बटणं काढून टाकली. मग टेबल ओढून खिडकीला लावलं, काशीबाईंचं स्टूल उजवीकडे आणि आपली खुर्ची डावीकडे ठेवली. साहेब जे विचारतील ते ती सांगणार होती, आपल्या नावासकट. आचऱ्यापासून देवगडपर्यंत कुणी डबा घेवो न घेवो. आणि संध्याकाळी सहा वाजता ती इथेच बसणार होती. ज्या कुणाला ती सहा बाराची नोंद हवी होती, त्याने यावं, हवा तो आवाज काढावा, तिचासुद्धा काढावा. फळीवर हात दिसल्याशिवाय ती एक अक्षर लिहिणार नव्हती.